राग गिळणे आणि राग आवरणे यांत नेमका फरक काय?

प्रश्नकर्ता: दुकानदार, म्हापसा

नमस्कार. म्हापशाच्या बाजारात आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेले हे दुकान आता मी सांभाळतो. माझे वय चाळिशीच्या पुढे आहे. प्रश्न धंद्याचा नसून स्वभावाचा आहे. मला राग फार लवकर येतो आणि तितक्याच लवकर तो उतरतोही. आमच्या घराण्यात हे जणू सर्वांनी मान्यच केलेले आहे, कारण वडीलही असेच होते आणि ‘तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ’ अशी त्यांची ख्याती होती. माझ्याबद्दलही लोक तेच म्हणतात. अलीकडे मात्र या कौतुकावर माझा विश्वास बसेनासा झाला आहे.

शुक्रवारच्या बाजाराला आसपासच्या गावांतून माणसे येतात, तेव्हा काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते. प्लंबर पाऊण इंची एल्बो, म्हणजे पाइप वळवण्याचा जोड, मागतो आणि दुकानातला मुलगा अर्ध्या इंचाचे काढून देतो. एकदा चालते. दुसऱ्यांदा तेच होते तेव्हा फोन वाजत असतो, कुणीतरी दुकानाच्या तोंडाशीच स्कूटर लावून गायब झालेला असतो, आणि तिसऱ्या वेळी माझा आवाज असा चढतो की समोरचा कापडवाला मान वर करून पाहतो. त्या वेळी मी एल्बोबद्दल बोलत नाही. मुलाच्या अकलेबद्दल, त्याच्या गावाबद्दल आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या माझ्या नशिबाबद्दल बोलतो, तेही गिऱ्हाइकांसमोर. पाच मिनिटांनी मीच त्याच्यासाठी चहा मागवतो. तो चहा पितो, पण माझ्याकडे पाहत नाही.

घरीही हेच चालते. सातवीतल्या मुलाची गणिताची वही पाहायला मी बसलो की पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते, काही बोलत नाही.

आकडे मोजणे, पाणी पिणे, जागेवरून उठून जाणे हे सारे उपाय मी करून पाहिले आहेत. गप्प राहणेही जमते, परंतु मग दिवसभर आत धुमसत राहते आणि रात्री आमटीत मीठ कमी पडल्याचे निमित्त होऊन ते बाहेर पडते. एक मित्र सांगतो की व्यायामशाळेत जाऊन बॅगेवर ठोसे मार, म्हणजे सगळे निघून जाईल. दुसरा म्हणतो, हा पिंडच आहे, बदलणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की संयम खरोखर शिकता येतो का, आणि येत असेल तर तो गप्प बसण्याहून वेगळा कसा असतो.

उत्तर: समुपदेशक, फोंडा

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही आपल्याच उदाहरणावरून देतो. आपला राग तिसऱ्या एल्बोवर आलेला नाही. पहिली चूक, दुसरी चूक, वाजणारा फोन आणि दाराशी लावलेली स्कूटर यांपैकी प्रत्येक गोष्टीने शरीर थोडे थोडे तापत गेले. हृदयाचे ठोके वाढले, स्नायू ताठरले, श्वास उथळ झाला, आणि ही तयारी पूर्ण झाल्यावर जो समोर सापडला त्याच्यावर सगळे कोसळले. शरीर या अवस्थेत असताना मेंदूचा धोका ओळखणारा भाग जोरात असतो आणि परिणामांचा विचार करणारा, कपाळामागचा भाग मागे पडलेला असतो. म्हणून ऐन क्षणी शहाणपण आठवत नाही आणि आकडे मोजण्याचा उपायही त्याच कारणाने फसतो, कारण मोजायला सुरुवात करेपर्यंत फार उशीर झालेला असतो. संयमाची जागा दुसऱ्या एल्बोपाशी आहे, तिसऱ्यापाशी नाही.

ती जागा ओळखण्यासाठी स्वतःच्या शरीराची पहिली खूण शोधावी लागते. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणी पेनचे टोपण सारखे उघडबंद करू लागतो. आपल्याला स्वतःला ती दिसत नसेल, तर पत्नीला किंवा त्या दुकानातल्या मुलालाच विचारावे. त्यांना ती पाठ असते.

आता ठोशांबद्दल. हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि चुकीचा आहे. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर बोचरी टीका करून त्यांना आधी चिडवण्यात आले. मग एका गटाला टीकाकाराचा विचार करत बॅगेवर ठोसे मारायला लावले, दुसऱ्याला व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितले आणि तिसऱ्याला नुसते शांत बसवले. टीकाकाराला मनात धरून ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले, आणि संधी मिळताच सर्वांत कमी आक्रमक वागले ते नुसते बसलेले. पुढे २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे. संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे अशा शरीराची धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही. धावण्याने तर तो वाढलेला आढळला. व्यायामाचे फायदे वेगळे आहेत, त्यासाठी अवश्य धावावे, मात्र रागावरचा उतारा म्हणून नव्हे.

जागेवरून उठून जाण्याचा आपला उपाय बरोबर होता, पण बहुधा तो अर्धवट राहिला. पती-पत्नींच्या भांडणांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर पूर्ववत होण्यास किमान वीस मिनिटे लागतात. आपण दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन दोन मिनिटांत परत येत असाल आणि ती दोन मिनिटेही ‘याला किती वेळा सांगायचे’ हेच मनात घोळवत असाल, तर शरीर विश्रांतीला गेलेलेच नसते. बाहेर जाताना किती वेळाने परत येणार हे सांगून जावे, नाहीतर घरच्यांना तो रुसवा वाटतो. शुक्रवारी काउंटर सोडून वीस मिनिटे जाणे शक्य नाही, हे मलाही कळते. म्हणून तर दुसऱ्या एल्बोपाशी थांबायचे. तिथे चार-सहा संथ श्वास पुरतात, बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब ठेवला म्हणजे झाले.

गप्प बसणे आणि संयम यांतील फरकावरही संशोधन झालेले आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी चित्रफीत दाखवली. काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही असे सांगितले होते, तर काहींना त्या दृश्याकडे तटस्थ नजरेने पाहण्यास सांगितले होते. चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना किळस तेवढीच वाटली, उलट त्यांच्या शरीरावरचा ताण वाढला. नजर बदलणाऱ्यांना मुळात किळसच कमी वाटली. हा प्रयोग रागाचा नव्हता, तरी आपले ‘आत धुमसणे’ पहिल्या प्रकारात बसते. आवाज थांबला, पण ‘हा मुद्दाम करतो’ हा अर्थ तसाच राहिला, आणि मग वड्याचे तेल रात्री वांग्यावर निघाले. त्या अर्थालाच हात घातला, म्हणजे ‘याला दोन मापांतला फरक नजरेने ओळखता येत नसावा’ इतके जरी मनात आले, तरी गिळण्यासारखे फारसे काही उरत नाही.

अजून एक गोष्ट करून पाहा. ‘मी शांत राहीन’ हा संकल्प कुचकामी असतो, कारण केव्हा आणि काय करायचे हे त्यात नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी जर-तर स्वरूपाच्या योजनांचा बराच अभ्यास केला आहे. ‘एकच चूक दुसऱ्यांदा झाली, तर मी पेन खाली ठेवीन आणि वस्तू स्वतः काढून देईन’ असे आधीच, शांत वेळी, नेमके ठरवलेले असले की त्या क्षणी विचार करत बसावे लागत नाही. असे एकच वाक्य घ्या. दहा ठरवलीत तर एकही आठवणार नाही.

उत्तर: एक वाचक, वाळपई

मी तज्ज्ञ नाही, मात्र तापट वडिलांच्या घरात वाढले आहे आणि त्या बाजूचे कुणीतरी लिहायला हवे असे वाटले.

तापट माणसाला वाटते की राग पाच मिनिटांचा असतो. घरातल्यांसाठी तो तेवढा कधीच नसतो. वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर आला की आम्ही भावंडे कोण कुठे बसले आहे ते पाहायचो, रेडिओ हळू करायचो आणि आई चुलीवरचे भांडे उगाच हलवू लागायची. त्यांनी त्या दिवशी काहीही बोलले नाही, तरी संध्याकाळ त्यांच्या रागाभोवतीच गेलेली असायची. आपली पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते असे आपण लिहिले आहे. आपण तिथे एका ओळीत पुढे गेलात, पण माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. ती वही पाहायला येत नाही, पहाऱ्याला येते.

दुसरे थोडे कडवट आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. वडिलांना राग आवरत नाही असे आम्ही सगळे मानत होतो. परंतु मामलेदार कचेरीत एकाच कागदासाठी त्यांना वारंवार खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाशी ते कधीही मोठ्याने बोलले नाहीत. चतुर्थीला मूळ घरी सगळे जमत, जमिनीचा विषय निघे, तेव्हाही थोरल्या काकांसमोर त्यांचा आवाज खालीच असायचा. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना दोरी तुटली, तर मात्र दोरी धरणाऱ्या आमच्यापैकी कुणाची धडगत नसे. म्हणजे त्यांना राग आवरता येत होता, आणि कुणासमोर आवरायचा हेही पक्के ठाऊक होते. आपण उधारीवर माल देणाऱ्या ठोक व्यापाऱ्यावर कधी असे ओरडला आहात का? नसाल, तर ‘हा पिंडच आहे’ म्हणणाऱ्या मित्राचे म्हणणे तिथेच खोटे ठरते.

उत्तर: बसचालक, पेडणे

थोडक्यात लिहितो. झोप आणि जेवण यांचा रागाशी फार जवळचा संबंध आहे, हे मी रोजच्या फेऱ्यांवरून सांगू शकतो. सकाळी उपाशीपोटी निघालो की पर्वरीच्या कोंडीत प्रत्येक दुचाकीवाला शत्रू दिसतो, आणि पोटात भाजी-पाव असला की त्याच कोंडीत मी पुढच्याला हात दाखवून वाट देतो. शुक्रवारी दुपारी आपण जेवता किती वाजता, हे एकदा पाहावे.

उत्तर: बांधकाम कंत्राटदार, मडगाव

वरील सर्वांबद्दल आदर बाळगून वेगळे मत मांडतो. ही सगळी चर्चा खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी ठीक आहे. स्लॅब ओतला जात असताना मिक्सर बंद पडला आणि माणसे हात बांधून उभी राहिली, तर संथ श्वास घेत बसता येत नाही. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही. सांधा राहिला तर पावसाळ्यात तिथूनच पाणी उतरते आणि मालक माझ्या नावाने खडे फोडतो. तिथे आवाज चढवला नाही, तर कामगार डोक्यावर मिरे वाटतात. मवाळ मुकादमाच्या साइटवर सिमेंटच्या गोण्याही कमी भरतात, हे मी पाहिले आहे. राग हे साधन आहे. ते टाकून दिले तर धंदा बसतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, डिचोली

कंत्राटदार बंधूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते बाजूला सारणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात मीही आवाज चढवत असे. परंतु मोठा आवाज आणि संताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फळी सोड, बाजूला हो’ हे ओरडून सांगणे आवश्यकच असते. त्यात काय करायचे ते सांगितलेले असते. ‘तुला अक्कल आहे का’ हे हळू आवाजात म्हटले तरी तो संतापच असतो आणि त्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. स्लॅबच्या वेळी आपण बहुधा पहिले वाक्य म्हणत असाल. म्हापशाच्या दुकानात मात्र दुसरे म्हटले जात आहे.

त्यातून होणारे नुकसान मला शाळेत फार जवळून पाहायला मिळाले. ज्या शिक्षकांचा राग नाकावर असतो, त्यांच्या तासाला मुले शंका विचारत नाहीत, अंदाजाने उत्तर ठोकून देतात. चुकले तर ओरडा कदाचित बसेल, विचारले तर मात्र नक्की बसेल, असा त्यांचा हिशेब असतो. दुकानातला तो मुलगा अर्ध्या इंचाचे एल्बो का काढतो, याचे उत्तर मला इथे दिसते. गर्दीत त्याला ‘पाऊण’ नीट ऐकू आलेले नसते आणि पुन्हा विचारण्याची त्याची छाती होत नाही. म्हणजे आपल्याला चिडवणारी चूक बऱ्याच अंशी आपल्याच चिडण्यातून जन्माला येते. खणांवर ठळक अक्षरांत मापे लिहून चिकटवा आणि प्रत्येक खणाबाहेर एकेक नमुना टांगून ठेवा. हा उपाय संयमाचा वाटत नाही हे खरे, पण ज्या प्रसंगी संयमाची गरजच पडत नाही, त्या प्रसंगी तो सुटण्याचीही भीती नसते.

थोडे विषयांतर करते, पण आपण बारदेशचे आहात म्हणून मोह आवरत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. फारिया १७५६ मध्ये आपल्याच कांदोळीत जन्मले आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून प्रसिद्धी पावले. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती निघते आणि ती समोरच्यावर काम करते, असा त्या काळी समज होता. फारियांनी तो नाकारला आणि जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून घडते असे सांगितले. ‘या मुलाने मला राग आणला’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही त्या मुलाच्या अंगात अशी एखादी शक्ती असल्याचे मानत असतो. बिचाऱ्याच्या हातात एक एल्बो असतो, तोही चुकीच्या मापाचा.

प्रश्नकर्ता: दुकानदार, म्हापसा

सर्वांचे आभार. वाळपईच्या ताईंचे उत्तर वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. ठोक व्यापाऱ्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पत्नीला पहिली खूण विचारली. ती म्हणाली, ‘तुम्ही चष्मा काढून काउंटरवर ठेवता.’ मला याची काहीच कल्पना नव्हती. खणांवर मापे लिहिण्याचे काम त्या मुलालाच दिले आहे.

समुपदेशकांना एकच विचारायचे आहे. हे सर्व स्वतःचे स्वतः करण्यासारखे आहे की डॉक्टरांकडे जावे? रक्तदाब थोडा वाढलेला असतो आणि रात्री दुकान बंद केल्यावर एक-दोन पेग घेण्याची सवय आहे, हेही लिहून ठेवतो.

उत्तर: समुपदेशक, फोंडा

ही शेवटची ओळ आपण पहिल्या प्रश्नातच लिहायला हवी होती. मद्याने नेमका तोच लगाम सैल होतो जो आपण घट्ट करू पाहत आहोत, शिवाय झोपेची प्रतही बिघडते. त्यामुळे पेडण्याच्या चालकांनी झोपेशी जोडलेली चिडचिड आपल्याकडे रात्रीच्या पेगपासून सुरू होत असण्याची शक्यता आहे. आमटीतले मीठ नेहमी रात्रीच कमी पडते, हेही ध्यानात घ्यावे. आधी ती सवय काही आठवडे पूर्ण बंद ठेवून पाहा. मात्र रोज भरपूर घेण्याची सवय असेल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी, कारण अचानक तोडल्याने कंप किंवा झटके येऊ शकतात.

रक्तदाबाची तपासणी तर हवीच. संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता इतर वेळेपेक्षा कितीतरी अधिक असते, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. आधीच रक्तदाब असलेल्याने ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच वेळी थायरॉइड आणि साखरही पाहून घ्यावी, कारण थायरॉइडचे काम वाढले तरी माणूस चिडचिडा होतो. पुरुषांमधील नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते, त्याचीही चाचपणी डॉक्टर करतील. राग वस्तू फेकण्यापर्यंत, हात उगारण्यापर्यंत जात असेल किंवा मुलगा आपल्याला घाबरून राहत असेल, तर मात्र स्वतःचे स्वतः करण्याचा नाद सोडावा.

बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल. लगेच जाणे जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या शासकीय क्रमांकावर विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. जाताना शक्यतो पत्नीला सोबत न्यावे. आपण आपल्या रागाची हकीकत सांगाल ती पाच मिनिटांची असेल, आणि डॉक्टरांना उरलेल्या दिवसाची माहितीही लागेल.